पंगत उठेपर्यंत

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. जळकोट.

सकाळी अकराच्या एसटीनं जळकोटला उतरले. सामान म्हणजे दोन पिशव्या, एक वळकटी आणि पुस्तकांचं पोतं. पोतं खाली देताना कंडक्टर म्हणाला, "मावशी, दगडं भरल्यात का ह्यात?" म्हटलं, दगडच आहेत, फक्त वाचता येतात. तो हसला आणि पोतं फाटकापर्यंत आणून ठेवलं. सुरुवात चांगली झाली.

घर हमरस्त्यापासून चार घरं आत आहे. पुढं फोटो स्टुडिओ, आता बंद. मागं तीन खोल्या, न्हाणी, अंगणात सीताफळाचं झाड. मालक भीमाशंकर अण्णा, सगळे त्यांना फोटोवाले अण्णा म्हणत, दिवाळीत वारले. त्यांचा मुलगा शिवकुमार पुण्याला असतो. घर झाडून-पुसून उघडं ठेवायला त्याला माणूस हवं होतं, मला घर हवं होतं. गायत्रीला आठवा लागलाय. लेकीचं पहिलं बाळंतपण आईकडं व्हायचं, आणि आई, हे गेल्यापासून, सहा वर्षं दिराच्या ओसरीवर राहते. दीर वाईट नाहीत, पण ओसरीवर बाळंतीण कशी ठेवायची? इथली मागची खोली बघितली. सकाळचं ऊन थेट खाटेवर येतं. आल्या आल्या तीच आधी सारवल्यासारखी पुसून काढली.

दुसरंही एक काम आहे. अण्णांनी १९८६ साली आमच्या गावात, म्हणजे माझ्या सासरी, लोहाऱ्याजवळ, एक छोटी फिल्म काढली होती. मठाला नवा कळस बसला त्या दिवशीच्या दासोहाची, गावजेवणाची. अकरा मिनिटांची, मुकी. शिवकुमारनं ती पेनड्राइव्हवर उतरवून आणली आहे. तिच्यातली माणसं कोण कोण, ते मी लिहून द्यायचं. प्रत्येकाच्या घरी तो एकेक प्रत पाठवणार आहे. त्या गावात तीस वर्षं सून होते, मला नाही ओळखू येणार तर कुणाला? त्यानं ही दोनशे पानी वही दिली. मागून नावं लिहीन, पुढून माझं स्वतःचं.

शेजारी श्रीदेवीची पिठाची गिरणी आहे. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "एकट्या ऱ्हानार? मग आमच्या गिरणीच्या आवाजाला शिव्या द्यायला तरी येत जावा."

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी जेवणाआधी मधल्या खोलीची खिडकी लावून अण्णांच्या टीव्हीवर फिल्म बघितली.

रंग उडून सगळं विटकरी झालंय. आधी मठ, कळस, हंडे. मग बायकांची पंगत, चौदा जणी, पत्रावळ्या मांडून. पहिल्या पानावर इरम्मा आत्या, माझ्या चुलत सासूबाई. तशाच ताठ. मग एक पाठमोरा वाढपी आला, हातात बादली, डाव्या खांद्यावर पंचा. त्यानं वाकताना पंचा मागं सरकवला आणि माझ्या तोंडून "अगं बाई" गेलं.

हे होते. गायत्रीचे बाबा.

लग्नाआधी चार वर्षं. बारीक, मिशी नुकती फुटलेली. आमच्या घरात यांचा एकच फोटो, आधार कार्डावरून मोठा केलेला, त्यात गुन्हेगारासारखे दिसतात. आणि इथं चालतात, वाकतात, हसतात. हुग्गी वाढत होते. गव्हाची खीर, आमच्याकडं दासोहाला तीच लागते. पंगतीत यांचा आग्रह म्हणजे पंचक्रोशीत चेष्टेचा विषय. "पुरे" म्हणून कुणी पानावर हात आडवा धरला, तर हातावर ओतायचे. यांनी वाढलेलं पान रिकामं राहिलं नाही, असं आजही गावात सांगतात.

तीन वेळा बघितली. तिन्ही वेळा हसले. शेवट मात्र अर्धवट आहे. हे तेरा पानं वाढतात, चौदाव्या पानावर त्या बाईचा हात आडवा, हे बादली घेऊन तिच्यापुढं उभे, आणि फिल्म संपली. पंगत उठलेली दाखवलीच नाही. आमच्यात शेवटचं पान होईपर्यंत कुणी उठत नाही, वाढपीही पंगत सोडत नाही. अण्णांची रीळच संपली असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नावं लिहिते आहे. बारा झाली. आज बघताना हसू आलं नाही, रडू आलं. यांना आपण कधी इतकं हलकं बघितलंच नाही असं वाटलं. मला भेटले तेव्हा डोक्यावर घर होतं.

आणि खोटं कशाला लिहू, रागही आला. सहाव्या पानावर एक तरणी बाई आहे, शिवगंगा, यांची मावसबहीण. तिला दोनदा वाढतात आणि काहीतरी बोलून हसवतात. मेलेल्या नवऱ्याच्या मेलेल्या बहिणीचा मत्सर. पंचावन्नाव्या वर्षी. श्रीदेवीला सांगितलं तर गिरणी बंद करून हसली. म्हणाली, "बरं झालं बाई, अजून जीव हाय म्हनायचा तुमच्यात!"

ही शिवगंगा त्या दासोहानंतर तीन महिन्यांनी बाळंतपणात गेली. सासूबाई सांगायच्या.

वहीत शेवटचं नाव यांचं लिहायचं होतं. जन्मात कधी उच्चारलं नाही, लिहिलंही नाही. आज लिहिलं. ईरण्णा. लिहिल्यावर कुणी बघत नाही ना म्हणून मागं वळून पाहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

चौदावी बाई ओळखू येईना म्हणून लोहाऱ्याला फोन केले. दगडाबाई निघाली, गावच्या जुन्या दाईची थोरली सून. आता लेकाकडं लोहाऱ्यात असते. काल जीपनं जाऊन आले.

नव्वदीला टेकलीय, पण जीभ शाबूत. म्हटलं, आत्या, तुम्ही फिल्ममध्ये आहात. म्हणाली, "आता पिच्चरवाले आले व्हय? दात होते तवा कुठं मेले होते?" दासोहाचं विचारलं तर उजवा हात पुढं केला. मनगटाच्या वर रुपयाएवढा पांढरा डाग. "त्या दिशी माझं पोट बिघडलं होतं. म्या म्हनलं वाढू नगंस, हात आडवा धरला. तुझा नवरा लई आग्रहाचा, ओतली की हातावर. उकळती. पन पानात थेंब पडू दिला न्हाय म्या."

आम्ही दोघी खूप हसलो. मग तिनं बाकीच्या तेरा जणींचं विचारलं. मी एकेक नाव घेत गेले आणि ती एकेकीला "गेली" म्हणत गेली. त्यातल्या पाच-सहा माझ्याच वयाच्या आसपासच्या असत्या. सगळ्या गेल्या. दगडाबाई एकटी उरली.

परतीच्या जीपमध्ये उगाच हिशेब घालत बसले. मग म्हटलं, चाळीस वर्षं होत आली. माणसं जाणारच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नावांचं काम संपलंय. तरी जेवताना फिल्म लावते. भाकरी, शेंगांची चटणी आणि समोर हे. एकटीनं जेवायची सवय सहा वर्षांत झाली नाही ती झाली नाही.

आज एक गंमत झाली. इरम्मा आत्यांनी मान वर करून थेट माझ्याकडं बघितलं. आधी बघायच्या का, आठवत नाही. माझ्या हातात घास होता. जेवताना समोरच्याची नजर पडली की आपण जे म्हणतो तेच तोंडून निघालं, "या आत्या, जेवायला."

मग स्वतःशीच हसले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज आत्यांचे ओठ हलले. आवाज नाही, पण सहज वाचता आलं. "तुमीच या."

मी पाटावर बसल्या बसल्या उत्तर दिलं. जेवायला बोलावलं तर आमच्यात कुणी नाही म्हणत नाही, जायचं नसलं तरी. मी म्हटलं, "येते की आत्या. आता लेक यायची आहे बाळंतपणाला, तिलाही घेऊन येते."

म्हटलं आणि भाकरीचा घास घेतला. आत्यांनी मान हलवली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दगडाबाईच्या पुढं दोन पत्रावळ्या मांडल्या आहेत. रिकाम्या.

काल नव्हत्या. वहीच्या मागं पंगतीची ओळ मी हातानं काढली आहे, चौदा चौकोन. चौदाच.

शिवकुमारला फोन केला, फिल्म किती मिनिटांची म्हणून. अकरा म्हणाला. इथं आज बारा भरली. तो म्हणाला, मावशी, टीव्ही जुना आहे, हळू चालत असेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बघायचं नाही असं ठरवलं होतं. काल दिवसभर भांडी घासली, खिडक्या पुसल्या, बाळंतिणीसाठी डिंक निवडला. आज दुपारी लावलीच.

हे दगडाबाईपुढं उभे. तिचा हात पानावर आडवा. हे वाट बघत होते. याआधी फिल्म इथं संपायची, आता संपत नाही. तिचा हात थरथरायला लागला, म्हाताऱ्या माणसाचा थरथरतो तसा. फिल्ममध्ये ती पन्नाशीची आहे, पण हात नव्वदीचा. मग तो खाली गेला.

यांनी वाढलं. पळी भरून.

यांचं तोंड मी पहिल्यांदा नीट बघितलं. हसत नव्हते. कामाला लावलेल्या माणसाचं तोंड होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

लोहाऱ्याहून फोन. दगडाबाई काल दुपारी गेली. जेवता जेवता, सून म्हणाली. त्रास काही झाला नाही.

सून आणखी म्हणाली, गरम काही वाढलंच नव्हतं, तरी जीभ पोळलेली होती.

पान वाढलं की माणूस जातं. शिवगंगेला दोनदा वाढलं होतं. एकदा तिला, एकदा पोटातल्याला.

आता दगडाबाईच्या पुढं दोन पानं आहेत. एक माझं. दुसरं लेकीचं, मी माझ्या तोंडानं मागून घेतलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

गायत्रीला फोन केला. सोलापूरलाच राहा म्हटलं, इथं पाण्याची अडचण आहे. ती म्हणाली, "आई, पहिलं बाळंतपण सासरी? लोक काय म्हणतील माहीत आहे ना तुला?" म्हटलं, म्हणू देत. म्हणाली, "तू खोली पुसली, डिंक आणला, सगळं सांगत होतीस. आता नको झाले का मी?"

नको झालीस म्हटलं मी. तसंच म्हटलं.

तिनं फोन ठेवला. मी न्हाणीत जाऊन बसले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पेनड्राइव्ह काढून श्रीदेवीच्या गिरणीत दिली टाकून. दगडासारखा आवाज झाला आणि पीठ काळं आलं. ती ओरडली, "अहो बाई, गिऱ्हाइकाचे गहू हायेत ते! काय झालंय काय तुमास्नी?" चहाला बसवलं तिनं. तिच्या टीव्हीवर मालिका लागली होती, लग्नाची. मांडवातल्या गर्दीतून मागच्या बाजूनं एक वाढपी गेला. डाव्या खांद्यावर पंचा.

श्रीदेवीला दिसला नाही. साखर घ्या म्हणाली.

घर सोडून उपयोग नाही. शब्द घरानं दिला नव्हता, मी दिला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

टीव्हीची वायर काढून ठेवली आहे. दुपारी बाराला लागला.

दोन पानांच्या मध्ये एक द्रोण ठेवलेला आहे. लहान.

दुपारभर तिथंच बसून राहिले. हे त्या पानांच्या दिशेनं चालतात, पाऊल टाकतात, पोचत नाहीत. रोज एक पाऊल, असं दिसतंय. मी बोलले. अहो, म्हटलं, लेक आहे तुमची. खांद्यावर घेऊन बैलपोळा दाखवलात तीच. तिच्या पानात नका वाढू. यांनी बघितलं. ओळख होती डोळ्यांत. पण हातातली बादली खाली ठेवता येत नाही त्यांना. शेवटचं पान झाल्याशिवाय वाढपी पंगत सोडत नाही.

चाळीस वर्षं वाढताहेत की काय माझे मालक.

जेवलेले नाही. जेवण पुढं घेतलं की सगळ्या जणी माना वर करतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज हे पोचले. क्रम असा आहे — गायत्रीचं पान, द्रोण, मग माझं. पळी तिच्या पानावर आली. मी उठून काचेवर हात ठेवला, पानावर ठेवतात तसा आडवा.

ओतली.

डाव्या तळहाताच्या मागं फोड आलाय. रुपयाएवढा. हुग्गीचा वास येतोय हाताला, वेलदोड्याचा.

पण पान कोरडं राहिलं. टीव्ही आपोआप बंद झाला. दगडाबाई खरं सांगत होती. हात आडवा धरला तर हे पानात ओतत नाहीत. हातावर ओततात.

म्हणजे रोज धरायचा. रोज.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जावयाचा फोन. गायत्री ऐकत नाही, रडून रडून पाय सुजलेत, उद्या दुपारच्या गाडीनं तिला आणून सोडतो. म्हणाले, "आत्याबाई, तुमचं काय भांडण असंल ते समोर बसून मिटवा."

नको म्हटलं. हात जोडते म्हटलं. त्यांनी ठेवला.

आज पळी तीन वेळा आली. एक हात पानावर, एक द्रोणावर. दोन्ही हात पोळले.

तिसऱ्या वेळी बादली माझ्या पानाकडं वळली आणि — थांबले. पुढं गेले नाहीत. मागं फिरले, पुन्हा गायत्रीकडं. म्हणजे माझं पान शेवटचं ठेवताहेत. की मला टाळताहेत?

टाळत असतील तर संपणारच नाही हे. शेवटचं पान झालं तरच पंगत उठेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मागच्या खोलीत अंथरूण घातलं. तेल, डिंक, दुपटी, सगळं खाटेखाली आहे. श्रीदेवीला किल्ली दिली. गायत्री आली की आधी तुझ्याकडं बसव म्हटलं, मी बाहेर येईपर्यंत आत सोडू नको. ती म्हणाली, "हात बघू." दाखवले नाहीत. "तुमी मला घाबरवाय लागलाव," म्हणाली, आणि तरी किल्ली घेतली.

बारा वाजता लागला. उजेड आहे बाहेर. गिरणी चालू आहे. सगळं ऐकू येतंय.

सव्वाबारा. सगळ्या बायका माझ्याकडं बघताहेत. दगडाबाईही. पानं वाढलेली, कुणी घास उचलत नाही. थांबल्यात माझ्यासाठी.

हे आले. पळी भरलेली. मी पहिल्यांदा नावानं हाक मारली. ईरण्णा. मोठ्यानं. लाजेनं अंग आक्रसलं — पण हे थांबले. पळी हवेत. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा मी तोंडात पदर कोंबला होता, आठवलं असेल. डोळे तसेच झाले.

तेवढ्या वेळात हे लिहिते आहे.

सांगितलं त्यांना. लेकीच्या पानात नाही. द्रोणात नाही. मी हात काढणार नाही, किती ओतायचं ते ओता. मग माझं पान. तिथं मी हात धरणार नाही. टाळू नका मला. तुमच्या हातचं जेवून सहा वर्षं झाली, भूक लागली आहे. माझं वाढा आणि बादली ठेवा खाली. मग सगळ्या उठा. तुम्हीही उठा.

पळी हलली. पुन्हा हाक मारली. थांबले. या वेळी कमी.

एसटीचा हॉर्न. फाटकावर गायत्रीचा आवाज — आई म्हणते आहे — श्रीदेवी तिला थांबवते आहे —

शिवकुमार, नावं मागच्या पानावर आहेत. पंगतीतलं पंधरावं माझं लिहून घ्या. महानंदा ईरण्णा. सोळावं लिहू नका.

हाक मारली. थांबले नाहीत.

लेकीचं पान आणि द्रोण झाकायचा आहे. दोन्ही हात लागणार. पेन खाली ठेव